फोटो पाहुण्यांचा छापलात, चित्रांचं काय?

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात आतल्या पानावर एक बातमी होती, कला केंद्रात नवोदित कलाकारांच्या समूह प्रदर्शनाचं उद्घाटन झालं अशी. बातमी छोटीच होती, त्याबद्दल तक्रार नाही, जागेची मारामारी असते हे कळतं. पण तेवढ्या जागेत उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्षस्थानी कोण, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले हे सगळं नावानिशी व्यवस्थित बसलं, पाहुण्यांनी कलेचं आयुष्यातलं महत्त्व सांगितल्याचंही आलं, आणि ज्यांची चित्रं लागली होती त्यांच्यातल्या तिघांची नावं देऊन बाकीचे सगळे 'आदी'मध्ये गेले. सोबतच्या फोटोत फीत आहे, कात्री आहे, हसणारी माणसं आहेत, आणि मागच्या भिंतीवर एक चित्र आहे ज्याचा वरचा डावा कोपरा कुणाच्या तरी खांद्यावरून दिसतोय, बस तेवढाच.

आधीच सांगून टाकतो, मी चित्रकार नाही, फ्रेमिंगचं काम करतो, आणि या प्रदर्शनातल्या काही फ्रेम माझ्या हातूनच गेल्यात, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हा आतला माणूस आहे. आहेच. पण माझे पैसे प्रदर्शनाआधीच मिळालेत, त्यामुळे चित्रं विकली गेली काय किंवा नाही काय माझं काही अडत नाही. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. हे प्रदर्शन भरलं, उद्घाटन झालं, बातमी आली, लोक येऊन गेले, सेल्फी काढून गेले, आणि तरी ती चित्रं कुणी बघितली असं मला वाटत नाही. आणि यात तुमच्या पेपरचा वाटा आहे असं माझं म्हणणं आहे.

भिंतीवर काय होतं ते आधी सांगतो कारण ते अजून कुठेच छापून आलेलं नाही.

आत शिरल्यावर उजवीकडे कोळशाची मोठी ड्रॉइंग आहेत, रात्रपाळीच्या नर्स, वेटिंग रूमच्या खुर्च्यांवर बसलेल्या, कुणाची मान मागे पडलीय, कुणी बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकलेत. एवढा मोठा कागद बहुतेक परवडला नसावा म्हणून चार चार कागद मागून जोडलेत, आणि खरी गंमत तिथे आहे, त्या मुलीने ते जोड लपवले नाहीत, उलट असे बसवलेत की जोडाची आडवी रेघ बरोबर मानेवरून जाते. थकवा दाखवायला तिने चेहऱ्यावर काहीच केलेलं नाही, सगळं त्या एका रेघेत आलंय. चित्र आमच्याकडे येतं तेव्हा आम्ही ते आधी मागून बघतो, टेप कुठली लावलीय, कागद किती ग्रॅमचा आहे, कुठे फुगलाय, म्हणून मला ते जोड आधी दिसले आणि चित्र नंतर दिसलं, आणि मी तिला म्हटलं हे सरळ करून देऊ का, तर ती म्हणाली अजिबात नाही. शिवाय कोळसा म्हणजे काचेला चिकटता कामा नये, काच आणि कागद यांच्यात अंतर लागतं, त्यासाठी आम्ही आत पट्टी देतो, नाहीतर वर्षभरात अर्धं चित्र काचेवर असतं. असो, हे माझ्या धंद्याचं.

त्याच्या पुढे एका मुलाचे लिनोकट आहेत, म्हणजे लिनोलियमचा ठोकळा कोरून त्यावरून काढलेले छाप. एकच खिडकी, पण वेगवेगळ्या वेळेची. यात त्याने जी पद्धत वापरलीय ती फार धाडसाची आहे आणि ते बघणाऱ्या बहुतेकांना कळलंच नाही. लिनोचा एकच ठोकळा घ्यायचा, थोडा कोरायचा, सगळ्यात फिका रंग सगळ्या प्रतींवर छापून घ्यायचा, मग तोच ठोकळा अजून कोरायचा, त्यावर पुढचा गडद रंग, मग अजून कोरायचा. शेवटी ठोकळ्यावर जवळपास काहीच उरत नाही. म्हणजे मागे फिरायची सोयच नाही, एकदा कोरलं ते गेलं, आणि प्रती किती काढायच्या हे पहिल्या रंगालाच ठरवून टाकावं लागतं, नंतर कुणी मागितली म्हणून अकरावी प्रत देता येत नाही. खाली पेन्सिलने ३/१० लिहिलंय ते यासाठी, दहातली तिसरी प्रत. पण केंद्राने बाजूला जे लेबल लावलंय त्यावर लिहिलंय 'माध्यम : प्रिंट'. झालं. माझ्यासमोर दोन जण म्हणाले अच्छा कॉम्प्युटरवर काढून प्रिंटआउट मारलेत होय, आणि पुढे गेले. त्या मुलाने ऐकलं असेल का माहीत नाही, तो तिथेच दारापाशी उभा होता.

खिडकीपाशी एकीने जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर लाल दोऱ्याने भरतकाम केलंय, मोडलेल्या हाडावर बरोबर टाके घातलेत. कल्पना पहिल्या झटक्यात भारी वाटते, पण सहाच्या सहा फिल्मवर तेच, त्यामुळे तिसरीपर्यंत आपण समजून चुकतो आणि पुढच्या बघायला काही राहत नाही. दोनच ठेवल्या असत्या तर जास्त चांगलं झालं असतं असं मला वाटतं. आणि एका कोपऱ्यात व्हिडिओ आहे ज्याचा हेडफोन बंद होता आणि बसायला स्टूलही नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मी बोलत नाही, ते अन्यायाचं होईल.

वाईट पण आहे बरं का. हुबेहूब पेन्सिल पोर्ट्रेट नावाचा जो प्रकार असतो, इंटरनेटवरून प्रसिद्ध माणसाचा फोटो घ्यायचा, ग्रिड टाकायची आणि केस न केस काढायचा, ते पाच-सहा आहेत. हात तयार आहे यात वादच नाही, मेहनत प्रचंड आहे, पण बघायचं काम दुसऱ्याने आधीच करून ठेवलंय, फोटोग्राफरने. आणि लोकांची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. मग ओतलेल्या अॅक्रिलिकचे ते कॅनव्हास, रंग ओता, कॅनव्हास तिरका करा, जे होईल ते होईल, त्याला मोठमोठी नावं द्या. त्यात एक बरा होता, बाकीचे सगळे त्याचेच भाऊ.

आता एवढं सगळं मी सांगितलं, यातलं तुम्हाला पटेल किंवा नाही पटणार, पण हे सांगायला चित्राजवळ जाऊन उभं राहावं लागतं, फीत कापतानाच्या फोटोवरून हे कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पेपरने हे काम करावं. कार्यक्रमाची बातमी देऊ नका असं नाही, द्या, पण नंतर एक दिवस कुणालातरी पाठवा, गर्दी नसेल तेव्हा, आणि त्याला कामांबद्दल लिहायला सांगा. चांगलं असेल ते चांगलं, फसलं असेल ते फसलं.

यावर पहिलं उत्तर मला ठाऊक आहे कारण ते मी ऐकलेलं आहे. नवीन मुलं आहेत हो, त्यांच्यावर कशाला टीका करायची, प्रोत्साहन द्यावं. ऐकायला चांगलं वाटतं, पण मला विचाराल तर नुसत्या कौतुकाइतका अपमान दुसरा नाही. 'नवोदितांचा स्तुत्य उपक्रम' म्हटलं की विषय संपला, कुणाचं काम कुणापेक्षा वेगळं हे सांगायची गरजच उरली नाही. तीस जणांना एकच वाक्य.

आणि टीकेने नवीन माणूस संपतो म्हणावं तर इतिहास काय सांगतो बघा. १८७४ साली पॅरिसमध्ये तीसेक चित्रकारांनी मिळून स्वतःचं प्रदर्शन भरवलं होतं, नादार नावाच्या फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ घेऊन, १५ एप्रिल ते १५ मे. सलों म्हणजे तिथलं दरवर्षीचं सरकारी प्रदर्शन, त्याची निवड समिती या लोकांची कामं कधी घ्यायची कधी परत पाठवायची, म्हणून त्यांनी आपली एक सोसायटी काढली, वर्गणी ठेवली, आणि भाड्याच्या जागेत दीडशेच्या वर कामं लावली. आज आपण ज्याला पहिलं इम्प्रेशनिस्ट प्रदर्शन म्हणतो ते हेच, मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सिसली, बेर्त मोरिझो, सेझान सगळे त्यात होते. पण त्या दिवशी ते इम्प्रेशनिस्ट नव्हते, एक समूह प्रदर्शन होतं, काही चांगले काही मध्यम, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आज अभ्यासक सोडले तर कुणाला सांगताही येणार नाहीत.

तर ते इम्प्रेशनिस्ट झाले कसे, एका पेपरवाल्यामुळे. लुई लरुआ नावाचा एक जण 'ल शारिव्हारी' या विनोदी पेपरात लिहायचा, त्याने २५ एप्रिलला त्या प्रदर्शनाची मनसोक्त टर उडवली. मोनेच्या बंदरावरच्या सूर्योदयाच्या चित्राचं नाव 'इम्प्रेशन' असं काहीतरी होतं, तेच पकडून त्याने पूर्ण गटाला चिकटवलं, आणि वॉलपेपरचं कच्चं डिझाइनसुद्धा याहून जास्त पूर्ण असतं अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. खवचट माणूस. पण एक लक्षात घ्या, तो तिथे गेला होता. एकेका चित्रासमोर उभा राहून, नाव घेऊन त्याने खिल्ली उडवली. उद्घाटनाला कोण कोण आलं होतं त्याची यादी नाही दिली. आणि चारच दिवसांनी, २९ एप्रिलला, कास्तान्यारी नावाच्या समीक्षकाने 'ल सिएक्ल' या दुसऱ्या पेपरात तोच शब्द गंभीरपणे घेतला, की ही माणसं निसर्गदृश्य नाही रंगवत, ते बघून जे जाणवतं ते रंगवतात. म्हणजे एका आठवड्याच्या आत दोन पेपरांत दोन बाजूंनी तेच प्रदर्शन मांडलं गेलं, वाद घालायला वाचकांना काहीतरी मिळालं. एकाने शिवी दिली, दुसऱ्याने तिचा अर्थ लावला, आणि पुढे त्या गटानेच ते नाव स्वतःला लावून घेतलं.

पैशाच्या बाजूने बघाल तर ते प्रदर्शन सपशेल बुडालं होतं. वर्ष संपेपर्यंत सोसायटी गुंडाळावी लागली कारण हिशोब केल्यावर प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर देणं निघालं. मोरिझोचं पाळण्याशी बसलेल्या आईचं चित्र त्यात होतं, 'पाळणा', ते विकलं गेलं नाही, घरच्यांकडेच राहिलं आणि १९३० मध्ये लूव्रने घेतलं, आता ते ओर्से म्युझियममध्ये आहे. मी असं म्हणत नाही की आपल्या कला केंद्रात मोने बसलेत, तसलं काही डोक्यात घेऊ नका, बहुतेक नसतीलच. पण असले तर आपल्याला कळणार कसं, बातमीत डावा कोपराच दिसतोय.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. कृष्णाजी हौळाजी आरा, मुंबईतल्या कलाकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये सुरू झाला त्यातल्या सहा जणांपैकी एक, सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे हे बाकीचे. आरा मोटारी धुवायचं आणि घरकामाचं काम करून चित्रं काढायचे. त्यांच्या कामाकडे लक्ष गेलं ते रुडी फॉन लायडन यांचं, आणि हे लायडन 'टाइम्स ऑफ इंडिया'साठी कलासमीक्षा लिहायचे. पेपरात चित्रांवर लिहिणारा माणूस होता म्हणून तो नवीन माणसाचं काम बघत होता, बघणं हेच त्याचं काम होतं. आज किती पेपरांकडे असा माणूस आहे? सिनेमाला आहे, क्रिकेटला चार आहेत, हॉटेलातल्या जेवणाला पण आहे. (राग मानू नका.)

बातमीत अजून एक गोष्ट खटकली, 'तरुण कलाकार' असं लिहिलंय. नवोदित म्हणजे तरुणच असं कुणी ठरवलं? या प्रदर्शनात एक गृहस्थ आहेत, नोकरीतून रिटायर झाल्यावर ब्रश धरला, त्यांनी आपल्या जुन्या हत्यारांची वॉटरकलर केलीत, पाना, पकड, करवत, एकेका कागदावर एकेक, बाकी कागद कोरा. सावली अशी पडलीय की वजन कळतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती बघून हात शिवशिवतो. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता, हे एकवेळ ठीक, पण अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस घ्या, शेतकऱ्याच्या घरातली बाई, म्हातारपणी भरतकाम करताना बोटं दुखायला लागली म्हणून चित्रं काढायला लागली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अपरिचित अमेरिकन चित्रकारांचं एक समूह प्रदर्शन झालं त्यात तिची चित्रं होती, तेव्हा तिचं वय ७९. त्यामुळे बातमीदाराने नुसता हॉलमधून एक चक्कर मारला असता तरी 'तरुण' लिहिलं नसतं.

आता केंद्रवाल्यांबद्दल. तेही वाचतात तुमचा पेपर, म्हणून लिहितो. जागा देतात, भाडं घेत नाहीत, नवीन लोकांना कुणी दारात उभं करत नाही तिथे भिंत देतात, हे मोठं काम आहे आणि बहुतेक सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेलं असतं, हे मान्यच. पण चित्रं लावायची पद्धत बघून जीव तुटतो हो. सगळ्यांना न्याय द्यायचा म्हणून सगळ्यांची सगळी कामं लावली. तीन तीन ओळी. वरच्या ओळीतलं बघायला मान मोडते आणि खालच्यासाठी वाकावं लागतं, आणि दोन फ्रेमच्या मध्ये चार बोटं जागा. साधारण नियम असा आहे की चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला लागतो, जगभर गॅलऱ्या साधारण तेवढ्यावरच लावतात. तेवढं जरी पाळलं तरी हॉल बदलून जाईल, अर्थात मग कामं कमी घ्यावी लागतील आणि कमी घ्यायची म्हणजे कुणाला तरी नाही म्हणावं लागेल, तिथे गाडी अडते.

यावर गंमत म्हणून सांगतो, देगाने १८७० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ते प्रदर्शन व्हायच्या चार वर्षं आधी, असंच एक पत्र पेपरला लिहिलं होतं, 'पारी-जुर्नाल'ला. विषय काय तर सलोंमध्ये चित्रं कशी टांगतात. तिथे तेव्हा जमिनीपासून छतापर्यंत भिंत भरायचे. त्याची मागणी होती की दोनच ओळी लावा, दोन चित्रांमध्ये निदान २०-३० सेंटिमीटर जागा सोडा, आणि ड्रॉइंग वेगळ्या खोलीत टाकून देऊ नका, पेंटिंगच्या बरोबरीने लावा. दीडशे वर्षं झाली आणि मी तेच लिहितोय, फक्त मी देगा नाही.

उजेडाचं पण बघा. वॉटरकलर खिडकीसमोर लावलीत, दुपारी सरळ ऊन येतं त्यावर. कागदावरच्या कामाला म्युझियमवाले साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, तेलरंगाला २०० पर्यंत चालतो, आणि थेट ऊन म्हणजे हजारोंच्या घरात. थोड्या दिवसांत वॉटरकलर उडून जाईल असं नाही, चांगले रंग तग धरतात, पण एकीने फ्लुरोसंट मार्कर वापरलेत, ते पहिल्यांदा जातात. साधा पडदा ओढला तरी भागलं असतं. आणि दिवे असे लावलेत की काचेत आपलंच तोंड दिसतं, दिवा थोडा वरून तिरका टाकला की चकाकी जाते, त्याला खर्च लागत नाही, शिडी लागते.

आणि वेळ. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. कामावर जाणाऱ्या माणसाने कधी यायचं? ज्या नर्सची ड्रॉइंग आहेत त्यांना तरी येता येणार का या वेळेत, त्यांना कदाचित येईल, दिवसा झोप टाकून. बाकीच्यांना नाही. १८७४ च्या त्या लोकांनी सकाळी १० ते ६ ठेवलं होतं आणि परत रात्री ८ ते १० उघडायचे, गॅसच्या दिव्यात. वीज नसताना त्यांना सुचलं. आपल्याकडे संध्याकाळी हॉलमध्ये क्लास असतात हे मला माहितीये, पण आठवड्यातून दोन संध्याकाळ तरी काढता येतील. क्लासच्या खुर्च्या सुद्धा चित्रांना टेकवून ठेवू नका, एका फ्रेमचा कोपरा उडालाय, माझीच आहे, येऊन दुरुस्त करून देईन, फुकट.

लेबलबद्दल वर बोललोच. नाव, माध्यम, साल, साइझ एवढ्यावर भागत नाही जिथे पद्धत नवीन आहे. दोन ओळी साध्या भाषेत लिहा, कसं केलंय. उलट काही लेबलांवर अर्धं पान निवेदन होतं, अस्तित्व, अवकाश, स्मृती, आणि ते वाचून चित्राबद्दल काहीही कळत नाही, आणि अक्षर एवढं बारीक की जवळ जावं तर पुढच्याचं डोकं मध्ये येतं. ती निवेदनं मुलांकडून कोण लिहून घेतं देव जाणे, बोलताना ती मुलं किती सरळ बोलतात.

लोक चित्र किती वेळ बघतात हे मोजून झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये स्मिथ नवरा-बायकोंनी हा अभ्यास केला, २००१ मध्ये छापून आला, तिथल्या नामवंत चित्रांसमोर सुद्धा माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो, आणि निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकतात. ते रेम्ब्रांटसारख्यांच्या समोर! मग ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याच्या चित्रासमोर किती थांबणार. आणि इथेच पेपरचा उपयोग आहे. समजा मी सकाळी वाचलं की त्या ड्रॉइंगमध्ये कागदाचा जोड मानेवर आलाय, किंवा एक्स-रेवरचं काम तिसऱ्यानंतर थकतं, तर मी तिथे जाऊन ते शोधणार, खरंच थकतं का बघणार, लिहिणाऱ्याशी मनात भांडणार, आणि भांडता भांडता दोन मिनिटं जातील. ती दोन मिनिटं आज कुणी देत नाहीये.

आता तुम्ही म्हणाल की हल्ली सगळे आपापलं काम इन्स्टावर टाकतात, पेपरची काय गरज. टाकतात ना, आणि खाली काय येतं, आग, हार्ट, टाळ्या. सगळ्यांना तेच. कुठे फसलं ते कुणी लिहीत नाही, लिहिलं तर भांडण होतं. आणि मोबाइलवर ते कोळशाचं ड्रॉइंग आणि हुबेहूब पोर्ट्रेट दोन्ही एकाच साइझचे दिसतात, तळहाताएवढे, त्यात पोर्ट्रेटच जिंकणार. कागदाचा जोड तिथे दिसतच नाही. आजची गर्दी पोर्ट्रेटपुढे का असते याचं निम्मं उत्तर यात आहे असं मला वाटतं, डोळ्याला तळहाताएवढं बघायची सवय लागलीय.

खर्चाचा प्रश्न येणार. पूर्ण वेळ समीक्षक ठेवा असं कोण म्हणतंय. महिन्यातून एकदा, दीडशे-दोनशे शब्द. गावात चित्रकला शिकवणारे असतात, छपाईतले असतात, मूर्ती करणारे असतात, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, फुकटात सुद्धा लिहितील. फक्त तीन गोष्टी बघा. ज्याचं स्वतःचं काम प्रदर्शनात आहे त्याला लिहायला देऊ नका, आणि माझ्यासारख्या फ्रेमवाल्याला पण देऊ नका, गिऱ्हाइकांबद्दल खरं लिहायची आमची हिंमत नसते, मी वर नावं घातली नाहीत ती त्यामुळेच. दुसरं, उद्घाटनाच्या दिवशी पाठवू नका, त्या दिवशी चित्रासमोर माणसांच्या पाठीच असतात. आणि तिसरं म्हणजे जे काम चर्चेत घ्याल त्याचा फोटो छापा, पूर्ण, चारी कडा दिसतील असा, कलाकाराच्या नावासकट, आणि शक्य तर लांबी-रुंदी लिहा. यादीत सगळ्यांची नावं द्या, तीसच तर आहेत, पाहुण्यांच्या पदव्या काढल्या की जागा होते.

प्रदर्शन पुढच्या रविवारपर्यंत आहे. या मधल्या दिवसांत कुणाला पाठवलंत तर दुपारी दोन ते चार बरं पडेल, तेव्हा हॉल रिकामा असतो, फक्त त्या वेळी खिडकीकडच्या वॉटरकलरवर ऊन असतं म्हणून ती शेवटी बघायला सांगा. व्हिडिओसाठी स्वतःचा हेडफोन न्यावा. आणि जे काही लिहून येईल त्याच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव छापा, 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं नको, म्हणजे लिनोकटवाल्या मुलाला भांडायचं असेल तर कुणाशी ते त्याला कळेल.

पत्र लांबलंय, कात्री लावा, पण चित्रांचं वर्णन आहे ते परिच्छेद कापू नका, बाकी कुठलेही कापा.

आपला,
एक वाचक, फ्रेमवाला